मेजरसाहेबांची फुलदाणी

श्रीधरराव लासूरकरांनी उभ्या जन्मात स्वतःहून काही निवडलं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. कॉलेजची शाखा वडिलांनी निवडली, नोकरी मामांनी, बायको आत्यानं. नोकरीत तर न निवडण्यालाच मान होता. समोर फाईल आली की श्रीधरराव चष्मा पुसत, ती दोनदा वाचत आणि समासात मोत्यासारख्या अक्षरात ‘चर्चा करावी’ असं लिहून पुढच्या टेबलाकडे सरकवत. कुणी, कुणाशी, कशाबद्दल, हे त्यात नसे. या दोन शब्दांवर ते बढत्या घेत घेत सुखरूप निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, ‘लासूरकरांच्या हातून आजवर एकही चुकीचा निर्णय झाला नाही.’ साहेब त्या दिवशी तेवढं एकच वाक्य खरं बोलले.

कालिंदीबाईंना याची सवय झाली होती. “भाजी कुठली करू?” असं विचारलं की “कर काहीतरी” हे उत्तर यायचं, आणि काहीतरी केलं की ते निमूट खाल्लं जायचं. त्यांचं माहेर पैठणचं. तिथं माणूस पैठणी घेताना पदर उलटा करून पाहतो. उलट्या बाजूनंही मोर तसाच दिसला तर माल खरा. नवऱ्याच्या बाबतीत आपण पदर उलटा करून पाहिला नाही, एवढंच त्या कधीमधी म्हणत. तेही प्रेमानं.

मग बीड बायपासच्या नव्या फ्लॅटमध्ये सुनेनं, मनस्विनीनं, हॉल सजवायला काढला.

“आरशाखालच्या टेबलावर एक फुलदाणी हवी,” ती म्हणाली. “चिनी मातीची. पण नवी नको हं. अँटिक मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान व्हिंटेज.”

“दोन्हीत फरक काय?” श्रीधररावांनी विचारलं.

“व्हिंटेज म्हणजे तुमच्याएवढी, बाबा. अँटिक म्हणजे तुमच्या पणजोबांएवढी. आणि ती तुम्ही निवडा.”

कालिंदीबाईंना यातली मेख लगेच कळली. मनस्विनी घरूनच ऑफिसचं काम करायची, आणि तिच्या मीटिंगा चालू असताना सासरे बनियनवर तिच्या मागून येरझाऱ्या घालायचे. बेंगळुरूच्या साहेबानं एकदा विचारलंही होतं, की तुमच्या मागं हे कोण सारखं जातं-येतं. सासऱ्यांना घराबाहेर धाडायला फुलदाणी हे निमित्त काही वाईट नव्हतं. पण श्रीधररावांनी ते निमित्त आहे हे ओळखलंच नाही. त्यांनी ते मनावर घेतलं.

त्यालाही कारण होतं. मनस्विनीचे मामा, पुण्याचे इंद्रजीतराव, जुन्या चिनी मातीच्या वस्तूंचे शौकीन. घरी काचेची कपाटं, आत दिवे, प्रत्येक बरणीपुढं तिच्या जन्माचं साल. मुलाच्या, हिमांशूच्या, लग्नात पंगतीत वाढप्यानं श्रीधररावांना विचारलं, जिलेबी वाढू की श्रीखंड? श्रीधरराव सवयीनं म्हणाले, “पाहू.” तेव्हा शेजारच्या पाटावरून इंद्रजीतराव सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, “व्याहीबुवा, यालाही समिती नेमायची का?” पंगत हसली. श्रीधररावही हसले. पण पुढं काही त्यांच्या घशाखाली उतरलं नाही, हे एकट्या कालिंदीबाईंनी पाहिलं होतं. आणि आता हेच मामा एका लग्नाला शहरात येणार होते, आणि रविवारी चार वाजता चहाला घरी.

“त्यांच्यासमोर ठेवायची आहे,” श्रीधरराव म्हणाले. त्या दिवसापासून माणसाच्या पायाला जी भिंगरी लागली, ती काही थांबेना.

ते मोबाईलवर झिलईचे प्रकार वाचू लागले. ज्याच्या त्याच्या घरी गेले की आधी फुलदाणी उलटी करून बूड पाहू लागले. खालच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला गेले, तिथं फुलदाणीत पाणी आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि जरबेरासकट ते प्रसादाच्या शिऱ्यात गेलं. निराला बाजार झाला, सिडको झालं, छावणीतली जुन्या सामानाची दुकानं झाली. रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं परत.

“मिळाली?”

“एक चांगली होती. पण.”

त्या ‘पण’च्या पुढं कधी काही नसायचं. मग हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. बेंगळुरूच्या साहेबाला ते आता नमस्कारही करू लागले होते.

शेवटी कालिंदीबाई एक दिवस त्यांच्याबरोबर छावणीत गेल्या. रस्त्याच्या कडेला कचरूभाऊंचं दुकान. जुने पलंग, आरसे, बंद पडलेली घड्याळं, आणि या सगळ्याच्या मधोमध बिनपाठीच्या खुर्चीवर स्वतः कचरूभाऊ.

“या साहेब. आज काकूबी आल्या, म्हंजे आज सौदा व्हनार.”

श्रीधरराव सरळ आत गेले, आणि एका कोपऱ्यात थबकले. तिथं निळ्या वेलबुट्टीची एक उंच फुलदाणी होती. मान बारीक, पोट भरलेलं. अंगावर चहाच्या कपासारखा पिवळसर रंग चढलेला, आणि सगळीकडून केसासारख्या बारीक भेगांचं जाळं.

“तिला हात लावताय ते बघून लावा,” कचरूभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले. “छावनीतल्या गोऱ्या मेजरच्या बंगल्यातली हाय. मेजर गेला, त्याची मडम गेली, बंगला पडला. ही तेवढी ऱ्हायली.”

“तडे गेलेत हो हिला,” कालिंदीबाई म्हणाल्या. “भंगलेलं घरात नेऊ नये.”

“अगं, हे तडे नव्हेत. झिलई म्हातारी झाली की तिच्यावर असं जाळं धरतं.” श्रीधररावांनी जाळ्यावरून बोट फिरवलं. असं बोट त्यांनी कधी हिमांशूच्या पाळण्यावरूनही फिरवलं नव्हतं.

कालिंदीबाई पैठणच्या. त्यांनी फुलदाणी आडवी करून बूड पाहिलं. बुडावर लालसर मातीचा जाड थर. “खालचं काही दिसतच नाही.”

“काकू, इतकी वर्सं टेकून टेकून बसली ती,” कचरूभाऊ म्हणाले. “आपलं बूड तरी ऱ्हातं का तसंच?”

“अहो, आपण घरी जाऊन जरा—”

“हीच,” श्रीधरराव म्हणाले.

“अं?”

“हीच घ्यायची.”

कालिंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना घाम फुटला नव्हता. चष्मा पुसायला काढला नव्हता. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून ‘हीच’ हा शब्द त्यांनी प्रथमच ऐकला, आणि तो आपल्याबद्दल नसून एका फुलदाणीबद्दल आहे याचं वाईट वाटायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

फुलदाणी घरात आली आणि येरझाऱ्या थांबल्या. मनस्विनी मनापासून म्हणाली, “बाबा, काय सुंदर आणलीत!” श्रीधरराव आरशासमोर खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. तिचा प्रत्येक डाग त्यांना पाठ झाला. वॉचमनला त्यांनी वर बोलावून दाखवली. दूधवाल्याला दाखवली. दूधवाला म्हणाला, “लई भारी. किती लिटर मावतं?” त्याचाही त्यांना राग आला नाही. जेवताना त्यांनी आपण होऊन सांगितलं, “उद्या वांग्याचं भरीत कर.” कालिंदीबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला.

आता गंमत अशी, की अस्वस्थपणा हा घरातल्या एकुलत्या एका छत्रीसारखा असतो. एकानं खाली ठेवला की दुसरा उचलतो. श्रीधरराव निवांत झाले आणि कालिंदीबाईंना चैन पडेना. कुणाच्या घरातली वस्तू, कुणी कुठं वापरलेली. त्या मेजरनं हिच्यात फुलंच ठेवली असतील हे कशावरून? पानाच्या पिचकाऱ्या मारल्या असतील. गोरा असला म्हणून काय झालं, माणूसच तो. त्यात ते बूड. न पाहिलेलं बूड त्यांना देवघरात जप करतानाही दिसायला लागलं.

शनिवारी पाण्याचा दिवस होता. नळाला पाणी आलेलं, हिमांशू आणि मनस्विनी मॉलमध्ये गेलेले. श्रीधरराव आधी केस कापायला आणि मग पाहुण्यांसाठी गुलमंडीवर इमरती आणायला. घर रिकामं, बादल्या भरलेल्या. जुनं भांडं घरात घ्यायचं तर ते चिंचेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन घ्यायचं, हे कालिंदीबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या हातातच होतं. त्यांनी चिंच भिजवली, पदर खोचला आणि मेजरसाहेबांना मोरीत नेलं.

पहिल्याच हाताला पाणी तपकिरी झालं. त्यांना बरं वाटलं. किती ती घाण! दुसऱ्या हाताला ते आणखी तपकिरी झालं, आणि मोरीतून एक वास आला. ओळखीचा. कालिंदीबाई थबकल्या. वास चहाचा होता.

त्यांनी घाबरत घाबरत तांब्याभर गरम पाणी ओतलं. झिलईवर धरलेलं जाळं एकेक तार सुटत निघालं, आणि कित्येक पिढ्यांचे तडे मोरीच्या जाळीतून वाहून गेले. खाली उरली एक पांढरीशुभ्र फुलदाणी, दुधाचे दात आलेल्या बाळासारखी हसणारी. कालिंदीबाईंनी ती उलटी केली. बुडाची लाल माती सुटली होती. आत निळ्या अक्षरांत इंग्रजीत सुबक छापलं होतं. बाईंनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला.

मायक्रोवेव्हमध्ये वापरू नये.

कालिंदीबाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. गोऱ्या मेजरनं ही सूचना पाळली असणार यात त्यांना शंका नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढं मेजर नव्हताच. डोळ्यांपुढं होती ती लग्नातली पंगत, आणि न उतरलेला घास. उद्या चार वाजता इंद्रजीतराव येणार. जन्मात एकदा हा माणूस ‘हीच’ म्हणाला, आणि ती अशी निघाली. आता तो पुन्हा कधी काही म्हणणार नव्हता. भरीतसुद्धा नाही.

त्या उठल्या. दुकानाच्या पिशवीवर छापलेला नंबर पाहून त्यांनी कचरूभाऊंना फोन लावला.

“फसवलंत तुम्ही आम्हाला! धुतली तर सगळं निघालं.”

कचरूभाऊ दुखावल्या स्वरात म्हणाले, “धुतली? कामून धुतली, काकू?”

“कामून म्हणजे? बाहेरची वस्तू घरात घेताना धुवायची नाही?”

“अहो, मुंबै-पुन्याची गिऱ्हाइकं गाड्या भरून न्येतात माझ्याकडून. आजपोत्तर एकानं बी धुतली नाय. तुमीच पयल्या. चार दिवसाची मेहनत माझी, चिंचंनं घालवली तुमी.”

“खोटं बोललात तुम्ही. म्हणे मेजरच्या बंगल्यातली!”

“बंगल्यातलीच हाय की! मेजरचा बंगला पडला, त्या जागेवर अपार्टमेंट झाली. तिथल्याच एका बाईनं इकली.”

या हिशेबानं बीबी-का-मकबऱ्यासमोर विकलेली भेळही मोगलाईतली ठरली असती. पण कालिंदीबाईंना वाद घालायला वेळ नव्हता. श्रीधरराव कधीही आले असते.

“ते जाऊ द्या,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “परत तशी कशी करायची ते सांगा.”

कचरूभाऊंचा सूर एकदम बदलला. कारागिराला कारागीर भेटल्यासारखा.

“असं म्हना की. किती म्हातारी पायजे?”

“होती तेवढीच!”

“मंग ऐका. चहाचं पानी दाट उकळा, दूध घालू नका. थंड करा, फडक्यानं दोन हात मारा. वाळलं की काजळ घ्या, काडीनं तडे काढा. वरून तपकिरी बूटपालिश.”

“बूटपॉलिश घरात नाही हो. हिमांशूचे सगळे बूट कापडाचे आहेत.”

“मंग ऱ्हाऊ द्या, चहाचेच दोन हात ज्यादा मारा. बुडाला लाल माती लावा. आन काकू...”

“काय?”

“धुऊ नका आता.”

कालिंदीबाईंनी पातेलं चढवलं. एक कान दाराकडं, एक लिफ्टकडं. लिफ्ट वाजली की पातेल्यावर झाकण. शेजारचे कुणी उतरले की पुन्हा पातेल्याकडं. हात आपोआप चालत होते. पत्ती पडली, नेहमीचा साखरेचा डबा उघडला-मिटला, खिसणीवर आलं फिरलं. दूध मात्र त्यांनी आठवणीनं घातलं नाही, कारण तेवढं कचरूभाऊंनी बजावून सांगितलं होतं.

त्यांनी हात मारले. गॅलरीतल्या उन्हात वाळवली. मग उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून काजळात बुडवलं आणि तडे काढायला बसल्या. हात रांगोळीचा. कित्येक श्रावण आणि दिवाळ्या काढलेला. एक रेष इकडं ओढली की तशीच एक तिकडं ओढल्याशिवाय त्याला राहवत नसे. वाकडंतिकडं काढायला बाईंनी जिवाचं रान केलं, पण हात पुनःपुन्हा सरळ मार्गाला लागत होता. शेवटी तुळशीच्या कुंडीला लावायला आणलेला गेरू कालवून त्यांनी मायक्रोवेव्हची सूचना लिंपून टाकली. फुलदाणी आरशाखाली ठेवली, तपकिरी नखं पदरात लपवली, आणि दारात चावी फिरली.

श्रीधरराव इमरतीचा पुडा घेऊन आत आले. सवयीनं आधी आरशाकडे वळले. थांबले. जवळ गेले. मानेखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं.

“काय झालं?” कालिंदीबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

“काही नाही.” त्यांनी एकदा श्वास ओढला. “चहा केला होतास का?”

“केला होता. करू का तुम्हाला?”

“कर.”

चहा त्यांनी घेतला, पण बसून नाही. कप हातात धरून हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. संध्याकाळी “उद्या भाजी कुठली करू?” असं कालिंदीबाईंनी मुद्दाम विचारलं. “कर काहीतरी,” ते म्हणाले. कालिंदीबाईंना खरं सांगून टाकावंसं वाटलं, तोंडापर्यंत आलंही. पण हिमांशू आणि मनस्विनी मॉलमधून परत आले, आणि ते तोंडातच राहिलं.

रविवारी चार वाजता इंद्रजीतराव आले. पांढरी विजार, पांढरा झब्बा, आणि झब्ब्याच्या खिशात भिंग. हॉलमध्ये पाऊल ठेवताच त्यांची नजर गेलीच.

“अरे वा! ही कुणाची निवड?”

“बाबांची,” मनस्विनी अभिमानानं म्हणाली.

“श्रीधररावांची? समिती न नेमता?” इंद्रजीतराव हसले. हिमांशूही थोडा हसला, मग बायकोकडं बघून थांबला.

श्रीधरराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. कालिंदीबाईंनी इमरतीची बशी टेबलावर फुलदाणीच्या शेजारी ठेवली, आणि जाऊन दाराच्या चौकटीला टेकल्या.

इंद्रजीतरावांनी भिंग काढलं. आधी लांबून, मग जवळून. मग अगदीच जवळून.

“गंमत आहे,” ते म्हणाले. “मी आजवर शेकडो वस्तूंचे तडे पाहिले. तडे कसे असतात, कसेही जातात. हे मात्र एकमेकांना विचारून गेलेत.” त्यांनी फुलदाणी थोडी फिरवली. “इथं तर कमळ झालंय.”

कालिंदीबाई फरशीकडे बघू लागल्या.

“मामा, इमरती घ्या ना,” मनस्विनी म्हणाली, आणि मग “अगं बाई, मुंग्या!” म्हणून तिनं बशी उचलली.

बशीवर एकही मुंगी नव्हती. भिंतीच्या कडेनं आलेली मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून वर चढली होती, गुलमंडीची साजूक तुपातली इमरती बाजूला टाकून सरळ पुढं गेली होती, आणि मेजरसाहेबांच्या अंगाखांद्यावर, तड्यातड्यानं, शिस्तीत वर चालली होती. कमळापाशी गर्दी होती.

इंद्रजीतरावांनी एक बोट झिलईवरून फिरवलं. बोट तपकिरी झालं. ते त्यांनी नाकाशी नेलं.

“आलं?” ते म्हणाले. मग, आपलं वाचन आणि अभ्यास सगळा पणाला लावून, “आलं. आणि साखर.”

त्यांनी फुलदाणी उचलून उलटी धरली. उलटताना बूड विजारीला टेकलं, गेरूचा ठसा पांढऱ्या कापडावर उमटला, आणि एक खपली सुटून खाली पडली. तिच्या जागी ‘मायक्रो’ एवढंच दिसायला लागलं. पण तेवढं पुरेसं होतं.

कालिंदीबाई पुढं आल्या. “त्याचं असं झालं, की मी...”

“हिनं धुतली,” श्रीधरराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते खुर्ची सोडून पुढं आले होते.

“चिंचेनं धुतली. सगळं निघालं. मग हिनंच परत रंगवली. कचरूचे तडे काही खास नव्हते. हिचा हात बसलेला आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?” कालिंदीबाईंच्या तोंडून निसटलं.

“कालच. मानेखाली चंद्रकोरीसारखा डाग होता, तो नव्हता. बुडाला आपल्या तुळशीचा गेरू. आणि सगळ्या घराला चहाचा वास. कप मात्र एकही विसळलेला नाही.” मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “साखर कशाला घातलीस पण?”

“हात गेला हो.”

“आणि आलं?”

“सवय.”

हिमांशूला हसू फुटलं आणि ते दाबता दाबता त्याला ठसका लागला. इंद्रजीतराव फुलदाणी तशीच उलटी धरून उभे होते. शौकीन माणूस, सावरायला वेळ लागला नाही.

“म्हणजे नकली. सरळसरळ फसवणूक आहे ही. उद्याच परत करा त्याला. काय श्रीधरराव? काय करायचं मग?”

हा प्रश्न जन्मभर श्रीधररावांसमोर फायली घेऊन आला होता. त्यांनी चष्मा काढला. कालिंदीबाईंना वाटलं, आता पुसणार, आणि मग ते दोन शब्द येणार. श्रीधररावांनी चष्म्यावर चढलेली एक मुंगी फुंकरून खाली उतरवली आणि तो परत घातला.

“परत नाही करायची.”

“अहो, पण नकली आहे ती!”

“असेल. दुकानात इतकं सगळं होतं, त्यातली मला ही आवडली. तेव्हाही आवडली, आत्ताही आवडते. इथंच राहील.” त्यांनी हात पुढं केला. “द्या.”

इंद्रजीतरावांनी दिली.

“आई,” मनस्विनी म्हणाली, “धुवा हिला परत. मला पांढरीच पाहायची आहे. म्हातारी तर तशीही होईल आपल्याकडं.”

मग सगळे चहाला बसले. म्हणजे इंद्रजीतराव सोडून सगळे. ते बसले होते, पण लगेच उठले. कप हातात घेऊन गॅलरीपर्यंत गेले, परत आले.

“वहिनी, किती वेळ लागला निघायला?”

“काय?”

“ते... वरचं. लगेच निघालं, की घासावं लागलं?”

“लगेच की. पहिल्या हाताला पाणी तपकिरी. तुमच्याकडच्या धुताना निघत नाही का असं?”

“धुताना?” इंद्रजीतराव म्हणाले. “आम्ही धूत नाही. जुन्या वस्तू धुवायच्या नसतात. मऊ ब्रशनं फक्त धूळ काढायची.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

“कचरूभाऊ तेच म्हणत होता,” कालिंदीबाई निरागसपणे म्हणाल्या. त्यात निरागसपणा किती होता हे त्यांचं त्यांना माहीत. “पुण्याची गिऱ्हाइकं गाड्या भरून नेतात म्हणे. एकानंही आजवर धुतली नाही.”

इंद्रजीतराव गॅलरीत गेले. परत आले. पुन्हा गेले. इमरतीचा एक वेढा त्यांनी तोडला होता, तो बशीतच राहिला. “घेताय ना मामा, की चिवडा देऊ?” असं मनस्विनीनं विचारलं, तर ते म्हणाले, “पाहू.” श्रीधरराव ऐकत होते. पण ते हसले नाहीत. त्यांनी मामांच्या बशीकडं पाहिलं, आणि मग मुद्दाम दुसरीकडं. ज्या लग्नाला ते आले होते, त्याच्या रात्रीच्या रिसेप्शनला थांबायचं ठरलं होतं, पण इंद्रजीतरावांना एकाएकी पुण्यात काहीतरी काम निघालं, आणि विजारीवरच्या गेरूच्या ठशासकट ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलदाणी पांढरीशुभ्र होऊन आरशाखाली उभी होती. बुडावरची सूचनाही आता लख्ख वाचता येत होती. कालिंदीबाईंनी तिच्यात निशिगंध ठेवला. श्रीधरराव समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. पाय जमिनीला टेकलेले, चहाचा कप संपत आलेला. वांग्याचं भरीत करायचं त्यांनी मघाशीच सांगून टाकलं होतं.

फोन वाजला. पुण्याहून. इंद्रजीतरावांचा आवाज जागरण झाल्यासारखा बसला होता.

“वहिनी, एक विचारायचं होतं. सहज.”

“विचारा ना.”

“ती चिंच... जुनी घ्यायची की नवी?”

कालिंदीबाईंनी फोनवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, मामा आहेत. चिंच जुनी घ्यायची की नवी, विचारतायत. काय सांगू? बिचाऱ्यांची ती कपाटं...”

श्रीधररावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

“जुनी,” ते म्हणाले.